बाईंचं रिकामं शब्दकोडं : झोपेची गोळी, एक कॅप्सूल आणि एकोणीस दिवस

हे प्रकरण ज्येष्ठांच्या ओपीडीतलं. घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. औषधं, मात्रा आणि दिवसांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण सगळी गोष्ट त्या क्रमातच दडलेली होती. रुग्ण निवृत्त शिक्षिका. ओपीडीत सगळे त्यांना बाईच म्हणायचे, इथेही तेच म्हणतो.

पार्श्वभूमी

बाई ७२ वर्षांच्या, वजन ४८ किलो. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन आणि थायरॉइडची गोळी, दोन्ही वर्षानुवर्षं एकाच मात्रेत चालू. पाच वर्षांपूर्वी यजमान गेले, झोप उडाली आणि तेव्हाच्या डॉक्टरांनी रात्री अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅम लिहून दिली. "पंधरा दिवस घ्या" असं तोंडी सांगितलं होतं म्हणे, पण चिठ्ठीवर शेवटची तारीख नव्हती. मग ती गोळी महिन्याच्या सामानासारखी घरात येत राहिली. दोन वर्षांपूर्वी "तेवढ्याने आता झोप लागत नाही" म्हणून ती ०.५ मिलिग्रॅम झाली. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही, कारण विचारावं असं काही घडलंच नाही.

ही गोळी बेन्झोडायझेपिन गटातली. या गटातलं पहिलं औषध १९६० साली बाजारात आलं, डायझेपाम १९६३ साली. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. या गोळ्या तो ब्रेक स्वतः दाबत नाहीत, तो लागला की जास्त घट्ट बसवतात. पण ब्रेक फक्त झोपेपुरता लागत नाही. तोल सांभाळणारा भाग, नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग, स्नायूंचा ताण, सगळीकडेच तो लागतो. त्यामुळे सकाळची सुस्ती, डगमगती चाल, काल रात्रीचं बोलणं न आठवणं हे दुष्परिणाम म्हणजे त्याच कामाची दुसरी बाजू. तरुण माणसात अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ११ तास लागतात, वय झालेल्या माणसात सरासरी १६. म्हणजे रात्री दहाची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणालाही अर्धीअधिक अंगात असते. म्हणून वृद्धांनी टाळावीत अशा औषधांच्या याद्यांमध्ये हा गट कायम असतो.

तरीही बाईंचं पाच वर्षं बरं चाललं होतं, हेही खरं. त्या रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवायच्या, पेनाने, खाडाखोड न करता. हे कोडं पुढे कामाला येणार आहे.

समस्या

सूनबाई फाइल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आईंना गेले पंधरा-वीस दिवस विसरायला होतंय." फाइलमध्ये दोन दिवसांपूर्वीचा सीटी स्कॅन होता, 'वयोमानानुसार बदल' असं लिहिलेला. त्याला जोडून डोनेपेझिलची चिठ्ठी होती, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं औषध. अजून सुरू केलं नव्हतं. "आधी एकदा तुम्हाला दाखवू म्हटलं," असं मुलगा म्हणाला.

तक्रारी अशा : चालताना भिंतीचा आधार, दोन वेळा पडणं, दुपारी खुर्चीतच डुलकी, जीभ जड, तोच प्रश्न तीन-तीनदा. एकदा रात्री उठून यजमानांना हाक मारली. बाई स्वतः म्हणाल्या, "डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटतं." हे वाक्य मी तसंच लिहून ठेवलं. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आपल्या विसरण्याबद्दल इतकं नेमकं सहसा बोलत नाही. हा काही नियम नाही, पण माझे कान टवकारले ते इथेच.

दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे वेग. स्मृतिभ्रंश महिन्या-महिन्यांनी उतरत जातो. पंधरा दिवसांत माणूस बदलला असेल तर आधी शरीरात काय बिघडलं आणि औषधांत काय बदललं ते शोधायचं. अचानक आलेल्या गोंधळाची, म्हणजे डिलिरियमची, एक झटपट चाचणी आहे. तिच्यात ४ किंवा त्याहून जास्त गुण आले की संशय घ्यायचा. बाईंना ६ आले. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, या चाचणीत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका मानतात. बाईंना २३ सेकंद लागले आणि वळताना त्यांनी टेबल धरलं. झोपून आणि मग उभं राहून रक्तदाब मोजला. वरचा आकडा १३८ वरून १२६ वर आला. २० ने उतरला असता तर पडण्याचं कारण तिथे शोधलं असतं. सोडियम, साखर, थायरॉइड, लघवीची तपासणी, सगळं ठीक. मिनिटाला श्वास १४, ऑक्सिजन ९६ टक्के.

मग आम्ही नेहमीचं काम केलं. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणायला सांगितली. यादी नको, पिशवीच. यादीत माणूस स्वतःला औषध वाटतं तेवढंच लिहितो. संध्याकाळी पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा झोपेच्या गोळीखेरीज आणखी दोन अनोळखी पाकिटं निघाली. एक इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या कॅप्सूलचं, कमरेवरच्या गजकर्णासाठी, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. त्या दिवशी १९वा दिवस होता. दुसरं सर्दीच्या गोळीचं, तिच्यात क्लोरफेनिरामिन, म्हणजे झोप आणणारं जुनं अ‍ॅलर्जीचं औषध.

अल्प्राझोलाम यकृतात सीवायपी३ए४ नावाच्या एन्झाइमकडून मोडलं जातं. इट्राकोनाझोल नेमकं तेच एन्झाइम अडवतं. दोन्ही एकत्र घेतल्यावर अल्प्राझोलामचा शरीरावरचा एकूण भार अडीच पटीहून जास्त होतो. अल्प्राझोलामच्या माहितीपत्रकात ही जोडी निषिद्ध म्हणूनच छापलेली असते. बाई रोज तीच ०.५ ची गोळी घेत होत्या आणि त्यांचं शरीर सव्वा मिलिग्रॅमहून जास्त सोसत होतं. घरात कोणाचीही चूक झाली नव्हती, एकही गोळी जास्त गेली नव्हती.

पण सर्दीच्या गोळीचं काय? गोंधळ तिच्यामुळेही होऊ शकतो. दोन संशयित असले की आधी कोण आलं ते पाहावं लागतं आणि इथे घरच्यांच्या आठवणी जुळेनात. मुलगा म्हणे दहा दिवस, सून म्हणे वीस. तेव्हा सूनबाईंना पेपरची रद्दी आठवली. दुसऱ्या दिवशी त्या महिन्याभराची शब्दकोडी कापून घेऊन आल्या, तारखांसकट. इट्राकोनाझोल सुरू झाल्याच्या चौथ्या दिवसापर्यंत कोडी पूर्ण होती. पाचव्या-सहाव्या दिवशी अर्धी, अक्षरं चौकटीबाहेर. आठव्या दिवसापासून रिकामी. पहिलं पडणं ११व्या दिवशी, सर्दीची गोळी त्यानंतर १२व्या दिवशी. म्हणजे सर्दीच्या गोळीने आगीत तेल ओतलं असेल, पण आग आधीच लागलेली होती. इतकी चांगली नोंद मला कुठल्याही दवाखान्याच्या कागदावर क्वचितच मिळाली आहे.

समोर असलेले पर्याय

कारण सापडलं की उपाय सोपा वाटतो. इथे तो सोपा नव्हता आणि या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय हाच होता.

मुलाचं म्हणणं सरळ होतं, "ती झोपेची गोळी आजपासून बंदच करू या." पाच वर्षं रोज घेतलेली बेन्झोडायझेपिन एकदम थांबवली तर घबराट, थरथर, घाम, झोपेचा पूर्ण अभाव आणि काहींना फिट येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२० साली या संपूर्ण गटावर अवलंबित्व आणि गोळी सोडतानाच्या त्रासाबद्दल ठळक चौकटीतला इशारा घातला, त्यामागे हेच कारण. हा पर्याय बाद.

गुंगी उतरवणारं फ्लुमाझेनिल नावाचं इंजेक्शन असतं. आमच्या एका कनिष्ठ सहकाऱ्याने ते सुचवलं. जुन्या वापरकर्त्यात त्यानेच फिट येऊ शकते, शिवाय त्याचा असर तासाभराच्या आसपास ओसरतो आणि गुंगी परतते. बाई हाकेला ओ देत होत्या, श्वास ठीक होता. गरज नव्हती.

लोराझेपामवर, म्हणजे याच गटातल्या दुसऱ्या गोळीवर, बदलण्याचा विचार जास्त गंभीरपणे केला. त्याचं विघटन वेगळ्या वाटेने होतं, इट्राकोनाझोल त्याच्या आड येत नाही. पण गोंधळलेल्या माणसात एक औषध काढून दुसरं अनोळखी घालायचं म्हणजे पुढच्या आठवड्यात काही बिघडलं तर कशामुळे ते कळणार नाही. नको म्हटलं.

उरला मार्ग एकच : इट्राकोनाझोल आणि सर्दीची गोळी थांबवायची. अल्प्राझोलाम तेवढीच ठेवायची की कमी करायची?

तेवढीच ठेवली तर भार आपोआप उतरेल, पण इट्राकोनाझोल एका रात्रीत शरीरातून जात नाही, त्याला ७ ते १४ दिवस लागतात. तोवर बाई तशाच डगमगत राहणार आणि तिसऱ्यांदा पडल्या तर मांडीचं हाड जाणार. निम्मी केली तर आज आराम मिळेल, पण दोन आठवड्यांनी एन्झाइम मोकळं झालं की शरीराला खरोखरच निम्मीच मात्रा मिळेल. सव्वा मिलिग्रॅमहून जास्त भारावरून पाव मिलिग्रॅमवर, पंधरा दिवसांत. ही घसरण कुठल्याही हिशेबाने फार मोठी. मुद्दाम कोणी अशी मात्रा उतरवणार नाही, पण 'गोळी निम्मी करा, पंधरा दिवसांनी या' एवढंच लिहून दिलं तर नेमकं हेच घडतं.

म्हणून ठरवलं की तात्पुरती निम्मी करायची, म्हणजे ०.२५, आणि इट्राकोनाझोल उतरत जाईल तसं दहाव्या दिवशी पुन्हा ०.५ वर जायचं. कायमची कमी करण्याचा विचार त्यानंतर, बाई भानावर असताना आणि त्यांच्याशी बोलून.

सूनबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. "डॉक्टर, त्रास या गोळीचा आहे म्हणता आणि परत वाढवायची?" प्रश्न रास्त होता. मी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या, एक पोटात जाणाऱ्या गोळीची, एक रक्तातल्या प्रमाणाची. पहिली खाली-वर होते, ती दुसरी हळूहळू उतरावी म्हणून.

दाखल करायचं की घरी ठेवायचं यावर अर्धा तास गेला. अनोळखी खोली, रात्रीचे दिवे, सुईची नळी यांनी वृद्धांचा गोंधळ वाढतो. घरी मात्र रात्री त्यांच्या खोलीत कोणीतरी झोपणार का, हाच खरा प्रश्न होता. सूनबाई तयार झाल्या. घरी पाठवलं, अटींसह.

काय केलं

पहिली अट नोंदवहीची. आम्ही मोठ्या उत्साहाने चौदा रकान्यांचा तक्ता दिला. तिसऱ्या दिवशी तो पाहिला तर श्वासांच्या रकान्यात १६, १६, १६, १६. एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेला. सूनबाई कामाला जाणाऱ्या, रात्री सासूबाईंच्या खोलीत अर्धवट झोपणाऱ्या. संध्याकाळी आठवून भरत होत्या. त्यांना बोलण्यात अर्थ नव्हता, तक्ताच चुकीचा होता.

तक्ता पाच गोष्टींवर आणला. एक, सकाळी सात आणि दुपारी तीन वाजता जागेपणा : पूर्ण जागी ०, पेंगुळलेली पण नीट उत्तर देते १, हलवून उठवावं लागतं २, उठत नाही ३. दोन, खुर्चीतून उठून दारापर्यंत चालताना आधार घेतला का. तीन, काल रात्री जेवताना काय बोलणं झालं ते आठवतं का. वार-तारखेपेक्षा हा प्रश्न बरा, कारण ही गोळी जुन्या आठवणींना धक्का लावत नाही, ती घेतल्यानंतरच्या नव्या आठवणी पक्क्या होऊ देत नाही. चार, रात्री किती वेळा उठल्या. पाच, थरथर, घाम, घाबरेपणा यांतलं काही. पाचवा प्रश्न उलट्या दिशेचा होता, औषध जास्त होण्याऐवजी कमी पडतंय का ते पाहणारा. बहुतेक तक्त्यांत तो नसतोच.

जागेपणा २ आला तर फोन, ३ आला किंवा श्वास मिनिटाला १० च्या खाली गेला तर थेट तातडीच्या विभागात. श्वास मोजायचा तो फक्त २ आल्यावर, पूर्ण मिनिटभर, छातीकडे पाहत. खोकल्याचं कोडीनवालं औषध किंवा ट्रामाडोलसारखी वेदनाशामक गोळी घरात असेल तर ती बाहेर काढायला सांगितलं. अशी औषधं आणि बेन्झोडायझेपिन एकत्र आली की श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. एफडीएने त्या जोडीवर २०१६ मध्येच ठळक इशारा दिला आहे. निघाली, एक जुनी ट्रामाडोलची स्ट्रिप.

त्वचारोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी इट्राकोनाझोल थांबवून टर्बिनाफिन सुरू केलं, बुरशीवरचंच दुसरं औषध, जे हे एन्झाइम अडवत नाही. ते म्हणाले, "मी विचारलं होतं, कोणती औषधं चालू आहेत. बीपी आणि थायरॉइड म्हणाल्या." खरंच होतं ते. बाईंच्या लेखी औषध म्हणजे आजाराचं. झोपेची गोळी त्यांच्या हिशेबात चष्म्याच्या रांगेत बसायची.

चौथ्या दिवशी दुपारचा जागेपणा १ वरून ० झाला. सहाव्या दिवशी आधाराशिवाय दारापर्यंत. आम्ही खूश. आठव्या रात्री बाई अजिबात झोपल्या नाहीत, हात थरथरत होते, उशी घामाने ओली. नवव्या दिवशी सकाळी सूनबाईंचा फोन, आणि नोंदवही पाहिली तर 'घाबरेपणा'च्या रकान्यात सातव्या दिवसापासून खूण होती. इशारा दोन दिवस आधीच वहीत येऊन बसला होता, वही पाहणारं कोणी नव्हतं. त्याच रात्री ०.५ वर गेलो. दोन दिवसांत त्रास ओसरला.

सहा आठवडे त्याच मात्रेवर थांबलो. स्मृतीची ३० गुणांची चाचणी पहिल्या भेटीत घेतली होती तेव्हा १७ गुण आले होते, पण पेंगुळलेल्या माणसाची स्मृती मोजणं म्हणजे वादळात वजनकाटा लावणं. मी ते गुण फाइलमध्ये पेन्सिलने लिहिले. सहा आठवड्यांनी २३ आले. २६ आणि वर सामान्य धरतात. डोनेपेझिलची चिठ्ठी बाजूला ठेवली, फाडली नाही.

मग गोळी कमी करण्याचा विषय. बाईंना सगळी माहिती साध्या भाषेत लिहून दिली आणि चार दिवस वाचू दिली. कॅनडात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वृद्धांना या गोळ्यांच्या धोक्याची लेखी माहिती थेट हातात दिली होती. सहा महिन्यांत त्यांतल्या २७ टक्क्यांनी गोळी थांबवली, माहिती न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. शिक्षिकेला कागद द्यावा, उपदेश करू नये, एवढं मलाही कळत होतं. पाचव्या दिवशी बाई कागदावर लाल पेनाने दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवून म्हणाल्या, "करू या. पण घाई नको."

पायरी ठरली ०.०६२५ मिलिग्रॅमची, म्हणजे ०.२५ च्या गोळीचा पाव भाग, दर तीन आठवड्यांनी एक. गोळी साधी आहे, हळूहळू विरघळणारी नाही, हे आधी पाहून घेतलं, कारण दुसऱ्या प्रकारची कापायची नसते. पाव तुकडे काही सारखे होत नाहीत. बाईंनी तोडगा काढला, एका गोळीचे चारही तुकडे लागोपाठच्या चार रात्री वापरायचे, म्हणजे सरासरी जुळते. जोडीला झोपेच्या सवयींची वर्तनोपचार पद्धत, जी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली जुनाट निद्रानाशावरचा पहिला उपचार म्हणून सांगितली : उठायची वेळ पक्की, झोप येत नसेल तर अंथरुण सोडायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही. दुपारच्या बाबतीत बाई कडक राहिल्या, पहाटेच्या बाबतीत नाही.

प्रतिकूल परिणामाचा अहवालही पाठवला. त्रास औषधामुळेच झाला याची शक्यता किती ते नारान्जो गुणांकनात मोजतात. त्यात हे प्रकरण 'बहुधा' या गटात बसलं, 'निश्चित'मध्ये नाही, कारण दोन औषधं एकाच दिवशी थांबवली होती. असे अहवाल जगभर गोळा करण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम १९६८ मध्ये सुरू झाला, तो थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळं व्यंगं घेऊन जन्मल्याच्या अनुभवानंतर. ते औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत आलं ते झोपेची, निर्धोक गोळी म्हणून, हे पुष्कळदा विसरलं जातं.

परिणाम

आठ महिने झाले आहेत. बाई ०.१२५ मिलिग्रॅमवर आहेत, म्हणजे आधीच्या पावपटीवर. त्याखाली जाण्याचे तीन प्रयत्न झाले, तिन्ही वेळा चार-पाच रात्री कोऱ्या गेल्या. यात आश्चर्य नाही. ०.५ वरून एक पायरी उतरणं म्हणजे साडेबारा टक्के कपात, ०.१२५ वरून तीच पायरी म्हणजे पन्नास टक्के. आकडा तोच, शरीराला बसणारा धक्का चौपट. हे मला आधीच दिसायला हवं होतं. आता बाईंनी तिथेच थांबायचं ठरवलं आहे, निदान थंडी संपेपर्यंत, आणि मी त्याला हरकत घेतलेली नाही.

तीन मीटरची चाचणी १३ सेकंदांवर आली आहे. पडणं एकदाच, पायपुसण्यात पाय अडकून, भर दिवसा. ते मी गोळीच्या खात्यावर मांडत नाही, पायपुसणं मात्र काढायला लावलं. रात्रीची झोप वहीनुसार साडेपाच तास, आधीच्या सहापेक्षा कमी. पण दुपारची डुलकी गेली आहे आणि बाईंच्या शब्दांत "कापूस निघाला". स्मृतीच्या चाचणीत सहाव्या महिन्यात २५ गुण.

वेगळं काय करता आलं असतं

पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर थांबायची तारीख हवी होती, हे उघड आहे. त्यावर शाई घालवत नाही.

औषधं विचारताना 'झोपेसाठी काही घेता का' हा प्रश्न वेगळा विचारायला हवा. मीही तो पहिल्या भेटीत विचारला नव्हता, पिशवीने मला वाचवलं. घरात एक कार्डही ठेवता आलं असतं, ज्यावर 'अल्प्राझोलाम चालू आहे, बुरशीवरची औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं देण्याआधी पाहा' एवढंच लिहिलेलं. आता आहे, बाईंच्या पर्समध्ये, त्यांच्याच अक्षरात.

मात्रा परत वाढवायला मी दहावा दिवस धरला तो कॅलेंडर पाहून. सातव्या दिवशी एक फोन करून वहीतला पाचवा रकाना विचारला असता तर आठवी रात्र टळली असती. ७ ते १४ दिवस हा सर्वसाधारण अंदाज आहे. एखाद्या माणसाचं एन्झाइम कधी मोकळं होतं ते त्याच्या तळहाताचा घाम आधी सांगतो. आता अशा प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत आमच्या परिचारिका तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी फोन करतात. दोन मिनिटांचं काम आहे.

दोन्ही औषधं एकाच दिवशी थांबवण्याबद्दल एका सहकाऱ्याशी माझा अजून वाद आहे. त्यांच्या मते सर्दीची गोळी आधी थांबवून दोन दिवस पाहिलं असतं तर कारण निश्चित झालं असतं. असतं, पण दोनदा पडलेल्या माणसावर तो प्रयोग करायला मी धजावलो नसतो.

आणि एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. दहा रात्री सासूबाईंच्या खोलीत झोपणाऱ्या सूनबाईंना त्या काळात झोप मिळते का, हे आम्ही विचारलंच नाही. दोन महिन्यांनी सहज बोलता बोलता कळलं की त्यांनी त्या दिवसांत बाईंच्याच पाकिटातली अर्धी गोळी तीन वेळा घेतली होती. आता पाकिटातल्या गोळ्यांची मोजणीही वहीत असते आणि ती सूनबाईंनीच सुचवली.

मुलाचा प्रश्न अजून शिल्लक आहे : २५ गुण म्हणजे बऱ्या झाल्या की नाही? डोनेपेझिलची ती चिठ्ठी फाइलमध्येच आहे. एका गुणाची कमतरता उरलेल्या गोळीची, वयाची, की खरंच काही सुरू होत असल्याची, हे एका आकड्यावरून ठरवायला मी तयार नाही. वर्ष पुरं झालं की चाचणी पुन्हा घ्यायची, आदल्या महिन्याची शब्दकोडी सोबत आणायची, असं ठरलं आहे.